मुचलिंद आणि उपसंपदेतील प्रश्न

पाली वाङ्मय प्रथमच वाचू लागलेल्या उपासकाला एका शब्दापाशी हमखास अडखळावे लागते. तो शब्द म्हणजे ‘नाग’. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला सांगितले आहे की, नाग हे माणसांचे नाव होते. दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, याचा खुलासा त्यांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजीच्या भाषणात केला. भारतात बौद्ध धम्माचा प्रसार करणारे लोक नाग होते, ते आर्यांचे कडवे शत्रू होते आणि या परिसरातील नदी त्यांचेच नाव धारण करते, असे त्यांनी त्या वेळी स्पष्ट केले. तत्पूर्वी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात नाग आणि द्रविड ही एकाच लोकांची दोन नावे होत, असे प्रतिपादन त्यांनी केले होते. परंतु तिपिटक उघडावे, तर तेथील नाग फणा उभारतो, धूर ओकतो, वेटोळे घालतो. मग नाग कोण? माणूस की सर्प?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. विनयपिटकात नागाला भिक्खुसंघात प्रवेश नाकारलेला आहे. नाग म्हणजे आपले पूर्वज, असे आपण सरसकट म्हणू लागलो, तर तथागतांनी आपल्याच पूर्वजांना संघाचे दार बंद केले असा अर्थ त्यातून निघतो. असा आक्षेप दुसऱ्या कोणी घेण्यापूर्वी आपणच त्याचा विचार केलेला बरा.

ब्राह्मणी परंपरेतील नागकथा सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांचा येथे विस्तार करीत नाही. महाभारताच्या आदिपर्वात खांडववन जाळले जाते, तेथे तक्षकाची वस्ती आहे. पुढे जनमेजय सर्पसत्र आरंभतो आणि नागांची कुळेच्या कुळे अग्नीत पडतात. हे सर्व सर्प होते म्हणावे, तर त्याच ग्रंथात नागकन्या उलूपी अर्जुनाची पत्नी होते आणि सर्पसत्र थांबविणारा आस्तीक हा ब्राह्मण पिता व नाग माता यांचा पुत्र असतो. ज्यांच्याशी विवाह होतात, ज्यांच्यापासून संतती होते, ते सरपटणारे प्राणी नव्हेत, हे सांगण्यास पांडित्य लागत नाही. शत्रूला आधी पशू ठरवावे आणि मग त्याला जाळण्याला यज्ञ म्हणावे, अशी ही रीत आहे.

पाली वाङ्मयात नागाला जाळण्याचा प्रसंग आढळत नाही. मात्र अग्नीचा प्रसंग आढळतो, आणि तो मुळातून वाचण्यासारखा आहे. महावग्गात उरुवेला येथील जटिल कस्सपाची कथा येते. कस्सप अग्निपूजक होता. भगवंतांनी त्याच्या अग्निशाळेत एक रात्र राहण्याची अनुमती मागितली. तेथे एक उग्र, विषारी नागराज राहतो, असा इशारा कस्सपाने दिला. तरीही भगवान आत गेले. नागाने धूर सोडला, मग तो प्रज्वलित झाला. तथागतांनी त्याच्या तेजाचे आपल्या तेजाने दमन केले आणि सकाळी तो नाग भिक्षापात्रातून कस्सपाला दाखविला. या कथेतील एक तपशील घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. दमन करण्यापूर्वी तथागतांनी संकल्प केला होता की, या नागाच्या त्वचेला, मांसाला, स्नायूंना, अस्थींना वा मज्जेला कोणतीही इजा होता कामा नये. सांचीच्या पूर्व तोरणावर हा प्रसंग कोरलेला आहे. तेथे बुद्धमूर्ती नाही, रिक्त आसन आहे आणि त्यामागे पाच फण्यांचा नाग आहे.

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या, १९५७ साली महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झालेल्या ग्रंथात ही कथा घेतली, पण ती जशीच्या तशी घेतली नाही. महावग्गातील अग्निशाळेतला नाग अनामिक आहे. बाबासाहेबांनी त्याला मुचलिंद हे नाव दिले. तो नागांचा राजा आहे, अग्निपूजा करणाऱ्या तापसांचा तो वैरी आहे आणि रात्री येऊन त्यांच्या आश्रमांना उपद्रव देतो, असे कस्सप तेथे सांगतो. नाग लोक हे भगवंतांचे मित्र व अनुयायी झालेले आहेत, हे कस्सपाला माहीत नव्हते, असे बाबासाहेब लिहितात. धूर आणि ज्वाला गेल्या, भिक्षापात्र गेले. उरला तो आपल्या लोकांसह येणारा एक राजा, ज्याचे वैर बुद्धाशी नसून यज्ञाग्नीशी आहे.

मुचलिंद हे नाव बाबासाहेबांनी महावग्गातूनच घेतले आहे. संबोधीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात भगवान मुचलिंद वृक्षाखाली बसले असता अकाली मेघ दाटले, सात दिवस पाऊस आणि थंड वारा सुटला. तेव्हा मुचलिंद नागराजाने सात वेटोळी घालून तथागतांच्या देहाला आच्छादिले व मस्तकावर फणा धरला. पाऊस ओसरल्यावर तो तरुण माणवकाच्या रूपात हात जोडून समोर उभा राहिला. संबोधीनंतर बुद्धाला निवारा देणारा तो हा नाग. उरुवेलेच्या अनामिक नागाला त्याचे नाव देऊन बाबासाहेबांनी दोन कथा एकत्र जोडल्या. विद्वानांपैकी कोणी याला पाठभेद म्हणेल, कोणी स्वातंत्र्य म्हणेल. माझ्या मते हे अर्थनिर्णयन आहे, आणि त्याला प्राचीन आधार आहे.

त्यांतला सर्वांत बोलका आधार भारहुतचा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील या स्तूपाच्या कठड्यावर एरापत नागराजाचे शिल्प असून तो भगवंतांना वंदन करीत आहे, असा ब्राह्मी लेखही त्यावर कोरलेला आहे. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात हा शिल्पपट आज पाहावयास मिळतो. पाण्यातून प्रथम पाच फण्यांचा सर्प वर येतो; आणि वृक्ष व आसन यांपुढे गुडघे टेकून बसलेला जो दिसतो, तो फेटा बांधलेला मनुष्य आहे. फणा आता त्याच्या फेट्यामागे केवळ चिन्हासारखा उरला आहे. लेख एकच, नाव एकच. कुलचिन्ह आणि कुलपुरुष यांना शिल्पकाराने एकाच चौकटीत बसविले आहे.

दुसरा आधार महापरिनिब्बान सुत्तातला. तथागतांच्या धातूंचे आठ भाग झाले, त्यांपैकी एक रामगामच्या कोलियांना मिळाला, असे सुत्ताचा गद्य भाग सांगतो. त्याच सुत्ताच्या शेवटी असलेल्या गाथा मात्र रामगामच्या धातूंची पूजा नागराज करतो, असे म्हणतात. गद्यातले कोलिय गाथांमध्ये नाग झाले! या गाथा सिंहलद्वीपातील थेरांनी जोडल्या, असे अट्ठकथाच सांगते. तेव्हा त्यांना प्रत्यक्षदर्शी साक्ष म्हणता येणार नाही. तरीपण सांचीच्या दक्षिण तोरणावर सम्राट अशोक रामगामच्या स्तूपाकडे येतो तेव्हा फणाधारी मानव त्या स्तूपाची पूजा करताना दाखविले आहेत. त्यावरून ही समजूत भारतातही जुनीच होती, असे दिसते.

महाराष्ट्राच्या भूमीवर हेच नाग अजिंठ्यात भेटतात. एकोणिसाव्या लेण्याच्या बाहेर डाव्या बाजूस नागराज राणीसह राजेशाही आसनावर बसलेला आहे. फण्यांचे वलय मस्तकामागे आहे, बाकी सर्व काही राजाचे. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्या चढून जातानाही असाच नागराज आपले स्वागत करतो. हे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने खोदविले. या वाकाटकांच्या दुसऱ्या, नंदिवर्धनच्या शाखेत, म्हणजे आजच्या रामटेकजवळील नगरधन येथे राज्य करणाऱ्या शाखेत, पहिला रुद्रसेन हा भारशिव नागवंशातील भवनाग राजाचा दौहित्र होता, असे ताम्रपट सांगतात. समुद्रगुप्ताच्या प्रयाग स्तंभलेखात उच्छेदिलेल्या राजांमध्ये गणपतिनाग व नागसेन यांची नावे आहेत. नाग राजे होऊन गेले, ही केवळ दंतकथा नाही.

इतके असूनही पाली वाङ्मयातील प्रत्येक नाग हा माणूस होता, असा अट्टाहास आपल्यातील काही लेखक धरतात, तो मला मान्य नाही. त्याने बाबासाहेबांच्या सिद्धान्ताला बळ येत नाही, उलट तो दुबळा होतो. अहिराजसुत्त पाहावे. एक भिक्खू सर्पदंशाने मरण पावला, तेव्हा भगवंतांनी विरूपक्ख, एरापथ, छब्यापुत्त आणि कण्हागोतमक या चार सर्पराजकुळांप्रती मैत्री भावना करण्यास सांगितले. खन्धपरित्त म्हणून आपण ते आजही म्हणतो. हा उपदेश अरण्यात, झाडाखाली, पर्णकुटीत राहणाऱ्या भिक्खूंसाठी होता, आणि तेथे साप हे खरेखुरे साप होते. (नागपंचमीला दूध पाजणाऱ्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे. साप दूध पीत नाही. मैत्रीत त्याला काही पाजायचे नसते, मारायचेही नसते.)

शिवाय नाग या शब्दाला तिसराही अर्थ आहे. सावत्थीला पसेनदी राजाचा भव्य हत्ती पाहून लोक ‘काय हा नाग!’ असे उद्गारले, तेव्हा तथागतांनी सांगितले की, जो कायेने, वाचेने व मनाने ‘आगु’ म्हणजे पाप करीत नाही, त्याला मी नाग म्हणतो. सभियसुत्तातही हीच व्याख्या आहे. भिक्खूंमध्ये नागसमाल, नागित अशी नावे होती आणि या दोघांनीही काही काळ तथागतांचे उपट्ठाक म्हणून सेवा केली होती. नावावरून कूळ सिद्ध होत नाही, हे खरे. पण हा शब्द संघात लाजिरवाणा नव्हता, एवढे तरी सिद्ध होते.

आता त्या नाकारलेल्या नागाकडे वळू. आपल्या नागयोनीला विटलेला एक नाग मनुष्यत्व लवकर प्राप्त व्हावे म्हणून तरुणाचे रूप घेऊन आला. भिक्खूंनी त्याला प्रव्रज्या व उपसंपदा दिली. तो एका भिक्खूसह टोकाच्या विहारात राहू लागला. एके पहाटे तो भिक्खू उठून बाहेर चंक्रमण करू लागला. तो गेला असे समजून नाग निर्धास्त झोपी गेला, आणि सारा विहार सर्पदेहाने भरून वेटोळी खिडक्यांतून बाहेर आली. भिक्खू परतला तो किंचाळलाच. तथागतांनी नागाला सांगितले की, या धम्मविनयात तुझी वाढ होणार नाही. पक्षाच्या चतुर्दशीला, पंचदशीला आणि अष्टमीला उपोसथ पाळ, म्हणजे तू या योनीतून मुक्त होशील. तो नाग रडत निघून गेला. त्यानंतर तिरच्छानगताला, म्हणजे पशुयोनीतील प्राण्याला, उपसंपदा देऊ नये असा नियम झाला.

हा नाग म्हणजे नाग लोकांपैकी एक मनुष्य होता काय? याचे उत्तर त्याच महाखन्धकात आहे. या नियमामागोमाग उपसंपदेच्या वेळी विचारावयाचे प्रश्न दिले आहेत: कुष्ठ आहे काय, गंड आहे काय, क्षय आहे काय, अपस्मार आहे काय? तू मनुष्य आहेस काय, म्हणजे ‘मनुस्सोसि’? पुरुष आहेस काय? दास नाहीस ना? कर्ज नाही ना? राजसेवेत नाहीस ना? मातापित्यांची अनुमती आहे काय? वीस वर्षे पूर्ण आहेत काय? पात्र आणि चीवर आहे काय? तुझे नाव काय, उपाध्यायाचे नाव काय? यादी येथे संपते. दास, कर्जदार व सैनिक यांच्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हक्क असतो, म्हणून त्यांना अडविले आहे. दास मुक्त झाला, कर्ज फिटले की ती अडचण दूर होते. या संपूर्ण यादीत वर्ण कोणता, जात कोणती, कूळ कोणते, हा प्रश्न नाही. तो असता तर न्हावी उपाली, केरकचरा वेचणारा सुनीत आणि सोपाक यांना संघ पाहावयास मिळाला नसता. ज्या विनयाला उमेदवाराचे कूळ विचारावेसे वाटले नाही, तो विनय एका विशिष्ट कुळाला पशू म्हणून वगळील, हे संभवत नाही. झोपेत विहार व्यापणारा नाग हा सर्प आहे, आणि भारहुतचा फेटेवाला एरापत हा मनुष्य. पाली वाङ्मयात दोघेही आहेत. बाबासाहेबांनी मुचलिंदाला दुसऱ्याच्या पंक्तीत बसविले, पहिल्याच्या नव्हे.

या नागाच्या अश्रूंची आठवण थेरवादी देशांत राहिली आहे. थायलंडमध्ये उपसंपदेपूर्वी मुंडन करून पांढरी वस्त्रे नेसलेल्या उमेदवाराला ‘नाक’, म्हणजे नाग, असेच म्हणतात. गावकरी त्याला वाजतगाजत विहारात आणतात. संघापुढे त्याला रोगांचे प्रश्न विचारले जातात, तेव्हा तो प्रत्येक वेळी ‘नत्थि भन्ते’ म्हणतो. मग त्याला विचारले जाते, ‘मनुस्सोसि?’ आणि तो उत्तर देतो, ‘आम भन्ते.’