लोखंडी धाव ते मड टायर : डांबरीवर ट्रॅक्टर उड्या का मारतो?



मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. ट्रॅक्टरला मागचे दोन्ही टायर नवे टाकून आठ दिवस झाले होते. शेतात काही तक्रार नव्हती, पकड एकदम झकास. पण डांबरी लागली आणि वरचा गिअर पडला की पंचवीसच्या पुढं ट्रॅक्टर घोड्यासारखा दुडकायला लागायचा. जिथून टायर घेतले तिथं गेलो. त्यांनी सांगितलं, "बॅलन्सिंग नाही, वजनं मारू." वजनं मारली. फरक नाही. मग आत बॅलन्सिंगची पावडर टाकली. तरीही फरक नाही. पैसे मात्र गेले.

चौथ्या दिवशी कारखान्यावर ऊस खाली करून रिकामी ट्रॉली घेऊन येत होतो. त्या उड्यांनी हूकच्या पिनची लॉकपिन कधी निसटली ते कळलंच नाही. पिन उडाली आणि ट्रॉली सुटून चारीत गेली. आमचा गडी रोज ट्रॉलीच्या दांडीवर बसून यायचा. त्या दिवशी पाव्हणे आले म्हणून तो घरी थांबला होता. एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडं गेलो. त्यांनी टायरकडं खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "दादा, वजनं कसली मारताय? आधी टायर रिमवर बसलंय का बघा." टायर बसलंच नव्हतं. एका बाजूला कड आतच अडकली होती. तासाभराचं काम, आणि दुखणं गेलं.

तेव्हापासून डोक्यात बसलं, की हे चाकाचं प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं. जमेल तसं वाचलं. ते आज लिहितोय.

आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकापासून सुरू करू. तुंबा, आरे, पाठे आणि वरून लोखंडी धाव. लोहार धाव लाल होईपर्यंत तापवायचा, चाकावर चढवायचा आणि पाणी ओतायचा. लोखंड आवळलं की सगळं चाक एकजीव व्हायचं. माझ्या लहानपणी हे बघितलंय. धाव बसली की सुतार चाक उचलून फिरवायचा आणि एक काडी शेजारी धरून चाक कुठं लागतं, कुठं सुटतं ते बघायचा. चाक गोल आहे की नाही, हे आधी. हा सुतार पुढं आपल्याला परत भेटणार आहे.

हवेचं टायर मुळात धक्के कमी करायलाच निघालं. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं 1845 मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, पण ते मागं पडलं. मग 1888 मध्ये बेलफास्ट गावात जॉन डनलॉप यानं पोराच्या तीनचाकी सायकलला हवेचं टायर केलं. हा डनलॉप कोण? जनावरांचा डॉक्टर! म्हणजे आपल्याच बिरादरीतला म्हणायचा. त्याचं नाव इतकं रुजलं की आमच्याकडं टायरच्या बैलगाडीला अजून 'डनलॉप' म्हणतात.

सायकलला आणि मोटारीला रबर आलं, पण ट्रॅक्टर पुढची चाळीस वर्षं लोखंडी चाकावरच राहिला. अमेरिकेत 1917 पासून फोर्डसन ट्रॅक्टर कारखान्यातून धडाधड निघायला लागले. दहा-अकरा वर्षांत सात लाखांच्या वर निघाले, सगळे लोखंडी चाकांचे, चाकावर लोखंडी दात. भातखाचरात चिखलणीला आपण केजव्हील लावतो, तसलंच समजा. मऊ रानात दात रुतायचे आणि ओढ मिळायची. पण कठीण जमिनीवर प्रत्येक दाताचा ठोका थेट माणसाच्या मणक्यात. नटबोल्ट ढिले व्हायचे. डांबरी आणि सिमेंटच्या सडका उखडायला लागल्या, तशी तिकडच्या बऱ्याच ठिकाणी दातांच्या चाकांना रस्त्यावर बंदी आली. मग शेतकरी या रानातून त्या रानात जाताना दातांवर लोखंडी पट्टे बांधायचे, नाहीतर दात काढून ठेवायचे. पोचले की परत लावायचे.

इथंच मुख्य गोम आहे. शेत आणि सडक चाकाकडून उलट्या गोष्टी मागतात. शेताला दात पाहिजे, मऊपणा पाहिजे. सडकेला गुळगुळीत, कडक आणि गोल चाक पाहिजे. पुढचा सगळा इतिहास या दोघांत तडजोड करण्याचाच आहे.

मोठा बदल 1932 साली झाला. अॅलिस-चाल्मर्स कंपनी आणि टायरवाला फायरस्टोन यांनी मिळून 'मॉडेल यू' ट्रॅक्टरवर हवेचे टायर आणले. सुरुवातीच्या प्रयोगात चक्क विमानाचे टायर लावले होते, आणि हवा फार कमी ठेवली होती. कमी हवेनं टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते आणि गादीसारखा दबतो. आज आपण नांगरटीला हवा कमी करतो ती युक्ती तेवढीच जुनी आहे.

शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. रबर घसरेल, खुंटांनी फाटेल, चिखलात नुसतं फिरेल, असं लोक म्हणायचे. मग कंपनीनं जाहिरातीसाठी शर्यती लावल्या. बार्नी ओल्डफिल्ड हा तेव्हाचा नावाजलेला मोटार शर्यतवाला. त्यानं 1933 मध्ये डॅलसला मुद्दाम तयार केलेला रबर टायरचा ट्रॅक्टर ताशी 64 मैलांवर, म्हणजे 103 किलोमीटरवर पळवला. नेब्रास्का विद्यापीठातल्या ट्रॅक्टर चाचण्यांत 1934 मध्ये रबर टायरचा ट्रॅक्टर उतरला. काही वर्षांतच तिकडच्या नव्या ट्रॅक्टरांना रबर हीच रीत झाली. दुसऱ्या महायुद्धात जपाननं मलायातले रबराचे मळे घेतले तेव्हा रबराची टंचाई आली आणि बरेच ट्रॅक्टर परत लोखंडी चाकांवर गेले. युद्ध संपलं आणि रबर कायमचं आलं.

पण रबराबरोबर वेग आला आणि वेगाबरोबर नवं दुखणं आलं. लोखंडी चाकावर पाच किलोमीटरनं चालताना बॅलन्सिंग हा शब्दच कुणाला लागत नव्हता. ते का, हे हिशेबानं बघू.

चाकाच्या एका बाजूला जादा वजन असलं की फिरताना ते बाहेर ओढतं. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते, वेग चौपट झाला की सोळापट. जीपसारख्या गाडीच्या चाकावर बाहेरच्या कडेला 100 ग्रॅम जादा आहे असं धरा. ताशी 20 किलोमीटरला ती ओढ किलोभरसुद्धा नाही. ताशी 80 ला तीच 13 किलो होते, आणि चाक सेकंदाला नऊ वेळा फिरतं. म्हणजे सेकंदाला नऊ वेळा 13 किलोचा हिसका. स्टेअरिंग थरथरणारच.

आता ट्रॅक्टर घ्या. मागच्या मोठ्या टायरवर अर्धा किलो जादा वजन आहे असं धरा. ताशी 25 ला त्याची ओढ येते चार किलोच्या आत. तेवढ्यानं ट्रॅक्टर उडत नाही. पण टायर एक सेंटीमीटर वाकडा बसला तर? एका मागच्या चाकावर 700 किलो भार आहे आणि टायर साडेतीन सेंटीमीटर दबतो असं समजा. म्हणजे एका सेंटीमीटरला 200 किलो. प्रत्येक फेऱ्याला 200 किलोचा चढ-उतार! कुठं चार आणि कुठं दोनशे. माझे वजनाचे पैसे पाण्यात का गेले, ते इथं कळलं.

ती उडी नेमक्या एका वेगालाच का येते, याचंही कारण आहे. आपल्या साध्या ट्रॅक्टरला मागं ना पाटे, ना शॉकअप. स्प्रिंग काय ती टायरची हवाच. अशा टायरवर ट्रॅक्टर स्वतःच्या लयीत सेकंदाला साधारण दोन ते चार वेळा वर-खाली होतो. मागच्या टायरचा घेर सुमारे चार मीटर धरला तर ताशी 25 ते 30 ला तो सेकंदाला जवळपास दोन फेरे घेतो. दोन्ही लयी जुळल्या की झोक्याला वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. म्हणून वेग थोडा कमी केला की उडी थांबते. माणसाच्या पाठीला सर्वात बाधणारे हादरे सेकंदाला चार ते आठच्या दरम्यानचे, म्हणजे ट्रॅक्टरची लय त्याला अगदी लागून. कंबर उगाच धरत नाही.

मड टायरची गोष्ट दुसरीकडून आली. 1941 पासून युद्धासाठी जीप बनली, तिला 6.00-16 मापाचे जाड नक्षीचे टायर होते. गंमत बघा, आपल्या कितीतरी ट्रॅक्टरांच्या पुढच्या टायरचं माप अजून तेच आहे, नक्षी तेवढी वेगळी. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं आपल्याकडं विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि जीप खेड्यापाड्यात पोचली. जीप चिखलातही जाते आणि रस्त्यावर ऐंशीनंही पळते, म्हणून तिथं बॅलन्सिंग खरोखर लागतं. माझ्या पोरानं जुन्या जीपला मोठे मड टायर टाकलेत. त्या जाड रबरात वजनाचा फरक जास्त, आणि नक्षी एकीकडं झिजली की आणखी वाढतो. त्याची चाकं यंत्रावर बॅलन्स करून घेतली. साठच्या पुढं स्टेअरिंग हलायचं ते थांबलं. नक्षीची गुणगुण राहिली, ती वजनानं जात नाही.

ट्रॅक्टरला सडकेवर पळवायचं तर नुसत्या टायरवर भागत नाही, हेही जगानं ओळखलं. इंग्लंडच्या जेसीबीनं 1991 मध्ये फास्ट्रॅक आणला, पुढं-मागं दोन्हीकडं सस्पेन्शनचा, ताशी 65 किलोमीटरच्या आसपास जाणारा. आपल्याला तो परवडायचा नाही. आपल्याला टायरच नीट ठेवायचा आहे.

तर मंडळी, ट्रॅक्टर डांबरीवर उड्या मारत असेल तर या क्रमानं बघा :

1. टायर बसलाय का. रिमच्या काठाशी टायरवर एक बारीक गोल रेघ असते. रिमपासून तिचं अंतर सगळीकडं सारखं पाहिजे. कमी-जास्त असेल तर चाक जॅकवर उचला, हवा सोडा, कड मोकळी करा, साबणाचं पाणी लावा आणि चाक अधांतरी ठेवूनच हवा भरा. कड बसवताना 35 पौंडांच्या वर हवा नेऊ नका, आणि टायरच्या समोर उभं राहू नका. कड फुटली तर माणूस जातो.

2. चाक गोल आहे का. तेच सुताराचं काम. चाक उचला, टायरजवळ वीट आणि काडी ठेवा, हळू फिरवा. कुठं लागतं, कुठं सुटतं ते दिसतं. रिम वाकली असेल तर इथंच सापडते.

3. हवा. दोन्ही बाजूला सारखी. नांगरटीला कमी केलेली हवा सडकेला लागायच्या आधी कंपनीच्या तक्त्याप्रमाणं भरा.

4. पाणी. टायरमध्ये पाणी असेल तर दोन्ही चाकांत पातळी एकच पाहिजे. व्हॉल्व्ह वर ठेवून व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे सुमारे पाऊण टायर. पाणी जेवढं जास्त तेवढी हवेची गादी कमी, हे विसरू नका.

5. रात्रभर उभा ट्रॅक्टर. नायलॉनच्या टायरला थंडीत खाली चपटा भाग धरतो. पहिले दोन-चार किलोमीटर हळू चालवा, बहुतेक वेळा आपोआप जातो.

6. पुढची चाकं हलत असतील तर बेअरिंग, किंगपिन आणि टो-इन बघा.

7. एवढं सगळं झालं, मग वजनं. जीप, पिकअप असेल तर मात्र बॅलन्सिंग टाळू नका.

आणि ट्रॉलीच्या पिनला लॉकपिन आहे का, हे रोज सकाळी हात लावून बघा. दांडीवर कुणाला बसू देऊ नका. आमचा गडी आता बसत नाही. बसायला गेला तरी मी गाडी हलवत नाही.