भोजनपत्रिका : एक उपेक्षित ऐतिहासिक साधन

जुने कागद जमविणाऱ्या मंडळींची दृष्टि बहुधा सनदा, निवाडे, पत्रव्यवहार, हिशेबाच्या वह्या व वंशावळी यांकडे वळते. मेजवानी आटोपल्यावर मेजावर पडून राहणारा व दुसऱ्या दिवशीं केरांत जाणारा छापील पुठ्ठ्याचा तुकडा हाहि ऐतिहासिक कागद आहे असें कोणीं म्हटल्यास पुष्कळांस हंसूं येईल. मोठ्या हॉटेलांत विवाह, सत्कार, राज्याभिषेक अशा प्रसंगीं जो थाटाचा खाना होतो, त्यांत प्रत्येक पाहुण्यापुढें पदार्थांची क्रमवार याद ठेवण्याची चाल आहे. तिला ‘मेनू’ म्हणतात. प्रस्तुत लेखांत तिला भोजनपत्रिका म्हटलें आहे. ही पत्रिका कां उत्पन्न झाली, तिच्यावरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, आणि संग्राहकांनीं ती कशी राखावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. पत्रिकेचा उगम

आपल्या पंक्तींत क्रम पानावर मांडलेला असतो. मीठ वर मध्यभागीं, चटणी-कोशिंबिरी डावीकडे, भाज्या उजवीकडे, भात मध्यें, अशी प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. सुश्रुतसंहितेंत आधीं मधुर, मध्यें अम्ल व लवण आणि नंतर शेष रस, असा भक्षणाचा कालक्रमहि सांगितला आहे; परंतु तो पाळणें जेवणाराच्या हातीं असतें. वाढलेलें पान त्याला पहिल्या घासापूर्वींच बहुतेक सर्व कांहीं दाखवितें. म्हणून पंक्तींत बसणारास कागदाची गरज कधीं पडली नाहीं. याद लागे ती व्यवस्था पाहणारास. सवाई माधवराव पेशव्यांच्या १७८३ सालच्या लग्नाच्या व्यवस्थेचे कागद आपल्या वाचकांस परिचितच आहेत. ते कारभाऱ्यांसाठीं होते, जेवणारांसाठीं नव्हते.

युरोपांतहि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत स्थिति फारशी निराळी नव्हती. फ्रेंच पद्धतीच्या मेजवानींत जेवणाचे दोन-तीन मोठे भाग असत, आणि प्रत्येक भागांतील अनेक पदार्थ मेजावर दोन्ही अंगांस सारखे दिसतील असे एकदमच मांडीत. पाहुणा जवळचें वाढून घेई. दूरचें पाहून समाधान मानी. पॅरिस येथील रशियाचा वकील प्रिन्स कुराकिन यानें इ. स. १८१० च्या सुमारास आपल्या देशची रीति तेथें दाखविली असें मानतात. या रीतींत मांस आधींच कापून, एकेक पदार्थ एकामागून एक, ऊन ऊन, प्रत्येकापुढें नेत. प्रसिद्ध पाकाचार्य कारेम यास ही रीति फ्रान्ससाठीं पसंत नव्हती, कारण तींत मांडणीची शोभा नष्ट होते. परंतु पुढें उर्बँ द्युब्वा व एमिल बर्नार यांनीं १८५६ च्या आपल्या ग्रंथांत तिचा पुरस्कार केला, आणि शतकाच्या उत्तरार्धांत ती सर्वत्र रूढ झाली.

येथेंच आपल्या साधनाचा उगम आहे. मेजावर आतां फुलें, दीप व रिकाम्या बशा राहिल्या. पुढें काय येणार, किती येणार, कोणत्या पदार्थासाठीं भूक राखावी, हें कळण्यास पाहुण्यास मार्ग उरला नाहीं. जो क्रम पूर्वीं डोळ्यांपुढें मांडलेला होता तो काळांत पसरला, आणि त्याबरोबर तो लिहून दाखविणें भाग पडलें. पदार्थांच्या यादी पूर्वींहि लिहीत. परंतु प्रत्येक पाहुण्यापुढें स्वतंत्र पत्रिका ठेवण्याची सार्वत्रिक चाल ही या पालटाची संतति होय.

२. सॅव्हॉय हॉटेलाचें दप्तर

राजवाड्यांतील व सरदारांच्या घरचा हा थाट पैसे देणाऱ्या गृहस्थास मिळूं लागला तो मोठ्या हॉटेलांमुळें. लंडन येथें थेम्स नदीच्या कांठीं रिचर्ड डॉयली कार्ट यानें ६ ऑगस्ट १८८९ रोजीं सॅव्हॉय हॉटेल उघडलें. लवकरच त्याची व्यवस्था स्वित्झर्लंडचा सेझार रिट्झ याजकडे आली, व १८९० मध्यें मुदपाकखाना ऑगस्त एस्कॉफिए या फ्रेंच बल्लवाच्या हातीं गेला. संध्याकाळचा विशिष्ट पोशाख, मंद केलेला विजेचा प्रकाश, आणि घरंदाज स्त्रियांनीं चारचौघांत येऊन जेवणें, या गोष्टींस तेथें प्रतिष्ठा मिळाली.

संशोधकाच्या दृष्टीनें एस्कॉफिएचें महत्त्व पाककौशल्याहून अधिक त्याच्या कारकुनी शिस्तींत आहे. त्यानें मुदपाकखान्याचे भाग पाडले: कोणी सार व रस करणारा, कोणी भाजणारा, कोणी थंड पदार्थांचा, कोणी मिठाईचा, आणि एका पदार्थाचीं निरनिराळीं अंगें निरनिराळ्या हातीं एकाच वेळीं सिद्ध होऊं लागलीं. वाढप्यानें घेतलेली मागणी तीन प्रतींत लिहावी, एक मुदपाकखान्यास, एक पैसे घेणारास व एक स्वतःजवळ, असा त्याचा नियम होता. शिवाय चार किंवा अधिक मंडळींच्या खान्यासाठीं ठराविक दरांत तो स्वतः पत्रिका रची. यजमानाचें नांव टिपून पत्रिकेची नक्कल तो ठेवून घेई. हेतु हा कीं, तोच यजमान पुन्हां आला असतां तेच पदार्थ पुन्हां त्याच्यापुढें येऊं नयेत. म्हणजे यजमानावार लावलेलें भोजनाचें दप्तरच तें.

३. काळनिर्णयास उपयोग

तारीख नसलेली पत्रिका हातीं आली तर पदार्थांचीं नांवें काळ ठरविण्यास साह्य करितात. युरोपीय पदार्थांस व्यक्तींचीं व लढायांचीं नांवें देण्याची चाल असल्यामुळें पूर्वमर्यादा निश्चित करितां येते. ‘मरेंगो’ हें नांव ज्या पत्रिकेंत आहे ती १४ जून १८०० च्या मरेंगोच्या लढाईपूर्वींची असूं शकत नाहीं. तो पदार्थ रणांगणावरच नेपोलियनसाठीं शिजला, ही कथा संशयास्पद आहे. परंतु कथा खोटी ठरली तरी नांवाची साक्ष खोटी ठरत नाहीं. तसेंच ‘पेश मेल्बा’ हें पक्वान्न. ‘लोहेनग्रिन’ या संगीत नाटकांत गाणाऱ्या नेली मेल्बा हिच्या सन्मानार्थ, त्यांतील हंसास अनुसरून, बर्फाच्या हंसाच्या पंखांमध्यें ठेवून एस्कॉफिएनें तें सॅव्हॉय येथें १८९० नंतरच्या वर्षांत दिलें. त्यावरील रासबेरीचा रस पुढें कार्लटन हॉटेलांत आला. हें नांव असलेली पत्रिका त्यापूर्वींची म्हणून कोणी विकूं लागल्यास ती सरळ परत करावी.

मात्र नांव वाचतांना अभिधेवर भिस्त ठेवूं नये. येथें पदोपदीं लक्षणा आहे. बेडकाच्या तंगड्यांस इंग्रज लोक नाक मुरडतात हें जाणून एस्कॉफिएनें त्यांस ‘उषःकालच्या अप्सरांच्या मांड्या’ या अर्थाचें फ्रेंच नांव दिलें, आणि त्याच लोकांस त्या खाऊं घातल्या. पत्रिकेवरून पदार्थाचें नांव कळतें. वस्तु कोणती होती हें पाकग्रंथ शेजारीं ठेवूनच ठरवावें लागतें.

४. पत्रिका हा संकल्प आहे, साक्ष नव्हे

आपल्या क्षेत्रांत लग्नाच्या यादींतील आहेर आणि प्रत्यक्ष जमाखर्चांतील आहेर यांत अंतर पडतें, हें सर्वांस ठाऊक आहे. पत्रिकेसहि तोच न्याय लावला पाहिजे. ती भोजनापूर्वीं लिहिली जाते, म्हणून ती काय ठरलें होतें एवढेंच सांगते. राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजीं व्हावयाचा होता. लंडनच्या कार्लटन हॉटेलांत रिट्झनें मोठ्या समारंभाची तयारी केली होती. २४ जून रोजीं राजाच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली व समारंभ पुढें ढकलला गेला. तो ९ ऑगस्ट रोजीं झाला. या धक्क्यानें रिट्झची प्रकृति जी खचली ती पुन्हां पूर्ववत् झाली नाहीं. तेव्हां २६ जूनची तारीख छापलेली राज्याभिषेकाच्या खान्याची पत्रिका कोणाच्या हातीं आली, तर तिच्यावरून तो खाना झाला असें अनुमान काढणें चुकीचें होईल.

दुसरें उदाहरण पॅरिसचें. जर्मन सैन्याच्या वेढ्याच्या नव्याण्णवाव्या दिवशीं, म्हणजे २५ डिसेंबर १८७० रोजीं, काफे व्वाझँ या उपाहारगृहाची जी नाताळची पत्रिका प्रसिद्ध आहे, तींत भरलेलें गाढवाचें डोकें, हत्तीचें सार, भाजलेला उंट व उंदरांनीं वेढलेलें मांजर असे पदार्थ आहेत. अन्नाभावीं प्राणिसंग्रहालयांतील जनावरें मारावीं लागलीं, हा इतिहास खरा आहे. परंतु तेथील कॅस्टर व पोलक्स हे दोन हत्ती २९ व ३० डिसेंबरच्या सुमारास मारले गेल्याचें नमूद आहे. मग २५ तारखेच्या साराचा हत्ती कोणता? या चार दिवसांच्या अंतराचा उलगडा झाल्याखेरीज ती पत्रिका जशीच्या तशी प्रमाण धरतां येणार नाहीं.

हिशेबाच्या वह्या पत्रिकेपेक्षां अधिक बोलतात, याचें प्रमाण खुद्द सॅव्हॉयनेंच दिलें आहे. १८९८ मध्यें रिट्झ व एस्कॉफिए या दोघांस तेथून काढण्यांत आलें. तपासांत सुमारें ३४०० पौंडांच्या मद्याचा हिशेब लागत नव्हता. माल पुरविणारांकडून दलाली घेतल्याची कबुली एस्कॉफिएनें १९०० मध्यें लिहून दिली. हे कागद ऐशीहून अधिक वर्षें अप्रसिद्ध राहिले. त्या वर्षांतील सुरेख पत्रिकांवरून यांपैकीं एक अक्षरहि कळलें नसतें. यास्तव पत्रिका, देयक, खरेदीची वही व पाहुण्याचें पत्र, हीं चार एकत्र आलीं तरच भोजनाचा इतिहास लिहितां येतो.

५. पत्रिकेचें मौन

पत्रिका मेजावर बसलेल्यांपुढें असते. दाराबाहेर राहिलेल्यांविषयीं ती मूक असते. मुंबईचा दाखला पुरेसा आहे. काळ्या घोड्याजवळचें, इंग्लंडांत घडविलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचें वॉटसनचें हॉटेल १८७१ मध्यें सुरू झालें. तेथें हिंदी माणसांस मज्जाव असे, व जमशेटजी टाटा यांस परत फिरविल्यामुळें त्यांनीं चिडून ताजमहाल हॉटेल बांधलें, अशी कथा प्रसिद्ध आहे. कांहीं अभ्यासक ती अमान्य करितात व शहरास साजेसें हॉटेल नसल्याची उणीव हेंच कारण देतात. कथेचें कांहींहि असो, इतकें निश्चित कीं ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. त्याच्या आराखड्याचें काम रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांजकडे होतें, आणि तें इंग्रज स्थापत्यज्ञ चेंबर्स यानें पुरें केलें.

पंक्तीचा अधिकार आपल्याकडे जन्मानें ठरे, हॉटेलांतील खुर्चीचा द्रव्यानें. आणि जेथें वर्णभेद होता तेथें द्रव्यहि पुरेसें नसे. कोण कोणाशेजारीं बसून जेवला, हा आपल्या सामाजिक इतिहासांतील मोठा प्रश्न आहे. पत्रिकेच्या पाठीवर शेजाऱ्यांच्या सह्या घेण्याची चाल होती. अशी सह्यांची पत्रिका त्या प्रश्नावर प्रत्यक्ष पुरावा ठरते. म्हणून पाठीमागील बाजू पुढील बाजूइतकीच, किंबहुना अधिक, मोलाची मानावी. मद्यांचीं नांवेंहि दुर्लक्षूं नयेत: १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापूर्वींच्या व नंतरच्या पत्रिका शेजारीं ठेवून पाहणें उद्बोधक होईल.

६. संग्रहाविषयीं विनंती

न्यूयॉर्क येथें मिस फ्रँक बटल्फ या बाईनें १९०० सालीं भोजनपत्रिका जमविण्यास आरंभ केला. हॉटेलांस पत्रें लिहून, वर्तमानपत्रांतून विनंत्या करून, तिनें १९२४ पर्यंत पंचवीस हजारांहून अधिक पत्रिका त्या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आणल्या. त्या संग्रहाच्या आधारें आतां पदार्थांचा, किंमतींचा व भाषेचा इतिहास लिहिला जात आहे. एका व्यक्तीच्या चिकाटीनें जें झालें, तें आपल्या मंडळींस अशक्य नाहीं. जुन्या पेट्यांत सत्काराच्या, जिमखान्याच्या, संस्थानी विवाहाच्या अशा पत्रिका लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांत पडून असण्याचा संभव आहे. घर आवरतांना प्रथम जातात ते हेच कागद.

मिळालेली पत्रिका छाटूं नये, चिकटवूं नये, प्लास्टिकांत वितळवून बंद करूं नये. ती कोणाच्या घरीं, कोणत्या कागदांबरोबर मिळाली, हें निराळ्या चिठ्ठीवर लिहावें; सोबत देयक किंवा आमंत्रण असल्यास वेगळें करूं नये. किंमतीच्या मोहापासूनहि सावध असावें. टायटॅनिक जहाजावरील ११ एप्रिल १९१२ च्या रात्रीच्या खान्याची एक पत्रिका नोव्हेंबर २०२३ मध्यें लिलावांत ८३,००० पौंडांस गेली. जेथें एवढा पैसा आहे तेथें बनावट कागद येणारच. प्रसिद्ध पत्रिकेमागें धांवण्यापेक्षां आपल्या गांवच्या अप्रसिद्ध खान्याची, पाठीवर सह्या असलेली पत्रिका राखणें हें अधिक उपयुक्त कार्य आहे. कारण पहिलीची नक्कल जगांत कोठें तरी असेल, दुसरीची बहुधा नसते. सुज्ञांस अधिक लिहिणें नलगे.