च-वर्गातील दुहेरी उच्चार

मराठीत च, ज, झ या अक्षरांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत: तालव्य आणि दंततालव्य. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री येथे ‘चार बैलांना चारा’ म्हटले, की दोन्ही च लागोपाठ ऐकू येतात. ‘चार’मध्ये जिभेचे पाते कडक टाळूला भिडते. ‘चारा’मध्ये जीभ पुढे सरून वरच्या दातांच्या मुळाशी टेकते आणि हवा घासत सुटते, उच्चार ‘त्स’च्या जवळ जातो. दोन्ही च अघोष, म्हणजे स्वरतंतू न कंपता निघणारे. ज आणि झ सघोष आहेत; गळ्यावर बोट ठेवून ‘जरा थांब’ म्हणावे, कंप लगेच कळतो. छ मात्र प्रमाण उच्चारात तालव्यच राहतो.

पुढचा स्वरही उच्चार बदलतो. ‘माझा’तील झ दंततालव्य, ‘माझी’तील तालव्य. लेखी ‘माझे’त तो तालव्य, तर बोलीतल्या ‘माझं’मध्ये पुन्हा दंततालव्य. तत्सम शब्दांत सहसा तालव्य उच्चार टिकतो: चंद्र, जल. म्हणून ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘जरा’ म्हणजे थोडे, हे शब्द कानाला वेगळे लागतात. देवनागरीत या भेदाला स्वतंत्र चिन्ह रूढ नाही, आणि मराठी नव्याने शिकणाऱ्याला ही उणीव फार नडते.