लिनक्सची घराणी : गावच्या शाळेला कोणते मानवेल?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा सर्वसाधारण आधार थांबवला. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे मुंबई-ठाण्यातील कार्यालयांमधले अनेक धडधाकट संगणक अकाली अडगळीत निघाले. ते शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या शाळेला भेट द्यायचे, तर त्यावर लिनक्स घालणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. प्रश्न उरतो तो, कोणते लिनक्स?

लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेले लिनक्स म्हणजे केवळ गाभा, अर्थात 'कर्नल'. त्याभोवती विविध सॉफ्टवेअर रचून जो वापरण्याजोगा संच तयार होतो, त्याला 'डिस्ट्रिब्युशन' म्हणतात. असे संच शेकडो असले, तरी त्यांपैकी बहुतेकांचे मूळ मोजक्या घराण्यांत सापडते. सॉफ्टवेअर बसवण्याची पद्धत आणि आधाराचा कालावधी या दोन गोष्टींवरून घराणे ओळखता येते.

डेबियन घराणे

इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला डेबियन हा स्वयंसेवकांचा प्रकल्प आहे. त्याची पॅकेजे 'डेब' स्वरूपाची असतात. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि दीर्घकालीन आधार धरून ती सुमारे पाच वर्षे टिकते. उबुंटू (२००४) डेबियनवर, तर लिनक्स मिंट (२००६) मुख्यतः उबुंटूवर आधारलेले आहे. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनकुळातलीच. केरळच्या सरकारी शाळांतील 'काइट' प्रणाली उबुंटूवर बेतलेली आहे.

रेड हॅट घराणे

या घराण्याची पॅकेजे 'आरपीएम' स्वरूपाची असतात. फेडोरा (२००३) हे त्यातले प्रयोगशील अंग. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते आणि तिला जेमतेम १३ महिने आधार मिळतो. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातील खैरात धनगरवाडा येथे २००७ मध्ये मुलांना 'एक्सओ' लॅपटॉप देण्यात आले होते. त्या लॅपटॉपची प्रणाली फेडोरावरच उभी होती. सेंटॉस लिनक्सचा आधार जून २०२४ मध्ये संपला, आणि त्याची जागा अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स यांनी घेतली. ही दोन्ही मुख्यतः सर्व्हरसाठी आहेत. शिवाय 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १०' ही आवृत्ती २०१३ पूर्वीच्या इंटेल प्रोसेसरांवर चालत नाही.

इतर घराणी

स्लॅकवेअर (१९९३) जुने आणि साधे. मात्र बरेच काम हाताने करावे लागते. जर्मनीतले सुसे आरपीएम वापरते, पण त्याची परंपरा वेगळी. आर्च (२००२) अखंड अद्ययावत होत राहते. त्यासाठी वरचेवर आणि भरपूर इंटरनेट लागते.

निवड कशी करावी?

जिथे इंटरनेट अधूनमधून मिळते, तिथे दरवर्षी आवृत्ती बदलायला लावणारी प्रणाली गैरसोयीची. अशा ठिकाणी डेबियन, उबुंटूची 'एलटीएस' आवृत्ती किंवा मिंट सोयीचे ठरते. डेबियनचे डीव्हीडी-संच शहरातच उतरवून नेले, तर पुढची बरीच सॉफ्टवेअरे गावात इंटरनेटविना बसवता येतात. कमी रॅमच्या संगणकावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप निवडावा. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या 'डेबियन १३'मध्ये ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. त्यामुळे संगणक देण्यापूर्वी त्याचा प्रोसेसर ६४-बिट आहे ना, हे पाहावे.

मराठीची अडचण कोणत्याच प्रमुख घराण्यात नाही. युनिकोड देवनागरी आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड सर्वत्र मिळतात. परंतु शाळेतील सगळ्या संगणकांवर एकच प्रणाली असावी आणि ती सांभाळण्याचे शिक्षण निदान दोन शिक्षकांना द्यावे. एकाची बदली झाली, तरी दुसऱ्याच्या हाती ते ज्ञान राहते. अन्यथा, घराणे कोणतेही निवडले तरी पहिल्याच बिघाडानंतर संगणकावर धूळ बसू लागते.