खावटी आणि टाळेबंदी

आमच्या शहापूर-मुरबाडकडे 'खावटी' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घरातलं भात संपलेलं असतं, पावसाळा तोंडावर असतो आणि नवं पीक यायला अजून चार-पाच महिने असतात. अशा दिवसांत खाण्यापुरतं उसनं घेतलेलं धान्य म्हणजे खावटी. पूर्वी ती सावकाराकडून यायची आणि सुगीत दिडीने, दुपटीने परत जायची. २०२० ची टाळेबंदी आठवली की मला हाच शब्द आठवतो.

२४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद झाला. मी तेव्हा टाळेबंदीचा कट्टर समर्थक होतो, हे आधीच कबूल करतो. मशिदीत जमात नको, म्हणून मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घातला. माझा आधार होता हजरत उमर (रजि.) यांचा. ते शामच्या प्रवासाला निघाले होते. सरगला पोहोचल्यावर पुढे साथ पसरल्याचं कळलं. त्यांनी सोबत्यांशी सल्लामसलत केली आणि ते मागे फिरले. साथीच्या मुलखात जाऊ नये आणि तिथे असाल तर बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्या वेळी अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी सांगितली. मी हा दाखला देत असे आणि लोक ऐकत.

मग रमजान आला. मुंबई-आग्रा महामार्ग आमच्या तालुक्यातून आसनगाव, खर्डीवरून कसारा घाटाकडे जातो. फजरची नमाज घरी पढून बाहेर आलो की रस्त्याने माणसं चाललेली दिसत. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. भिवंडीचे यंत्रमाग थांबले होते आणि ही माणसं पायी उत्तर प्रदेशाकडे निघाली होती. मोहल्ल्यातल्या पोरांनी पाण्याची पिंपं भरून ठेवली, खिचडी शिजवली. एकाला मी विचारलं, घरात का थांबला नाहीस? तो म्हणाला, "चाचा, जहाँ सोते थे, वही तो बंद हुआ." 'घरात थांबा' हा सल्ला घर असलेल्यांनी दिला होता, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला मोफत धान्याचा हक्क होता, पण रेशनकार्ड गावाला होतं.

आमच्याकडचे कातकरी दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातात. पावसाआधी हिशोब होतो, उरलेले पैसे घेऊन ते पाड्यावर परततात आणि त्यावर पावसाळा काढतात. त्या वर्षी मार्चमध्येच काम थांबलं. मजुरी अर्धी राहिली, बयाणा मात्र पुरा फेडायचा राहिला. साबणाने वारंवार हात धुवा, असं सांगितलं जात होतं. ज्या तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

मुरबाडकडचा माझ्या ओळखीचा एक माणूस क्षयाच्या गोळ्या घेत होता. एसटी बंद, जीप बंद. गोळ्या संपल्या. खोकला आहे असं सांगितलं तर उचलून नेतील, या भीतीने तो गप्प बसला. दिवाळीआधी गेला. कोरोनाच्या यादीत त्याचं नाव नाही. देशात २०१९ मध्ये क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. आजार घटला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचत नव्हते.

अर्थव्यवस्थेचे आकडेही हेच सांगतात. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी घटलं. वाढली ती फक्त शेती, ३.४ टक्के. शहरांनी परत पाठवलेली माणसं गावांनी पोसली. २०२०-२१ मध्ये रोजगार हमीवर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं, इतकं त्याआधी कधीच झालं नव्हतं. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने ही हमी उभी केली होती. अर्ध्या शतकापूर्वीचं ते शहाणपण संकटात कामाला आलं.

टाळेबंदी चुकीचीच होती, असं मी म्हणत नाही. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये प्राणवायूसाठी धावणारी माणसं मी पाहिली आहेत. खाटा वाढवायला आणि लशीची वाट पाहायला वेळ हवाच होता. प्रश्न आहे तो त्या वेळेची किंमत कोणी मोजली याचा. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत इंग्रजांनी साथरोग कायदा केला. कल्याण स्टेशनावर प्रवाशांना उतरवून तपासलं जाई. मार्च २०२० मध्ये आपण तोच कायदा बाहेर काढला. त्यात मनाई करण्याचे अधिकार आहेत, उपाशी माणसाला घास देण्याची जबाबदारी नाही.

आता हजरत उमरांचा माझा दाखला. मी अर्धाच सांगत होतो. हिजरी १८ च्या सुमारास शाममध्ये साथ होती, तसा हिजाजमध्ये भीषण दुष्काळही होता. त्यांनी बाहेरच्या प्रांतांतून उंटांवर धान्य मागवलं, रोज हजारोंना जेवू घातलं, जकातीची वसुली पुढे ढकलली आणि लोकांना मिळत नाही तोवर स्वतः तूप खाल्लं नाही. रस्ता बंद करणारा माणूस कोठारही उघडत होता.

इतक्या लांबही जायला नको. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला हुतात्मा झालेले भाई कोतवाल आपल्याला स्वातंत्र्यसैनिक म्हणून माहीत आहेत. पण बंदूक हाती घेण्याआधी त्यांनी सावकाराच्या खावटीतून शेतकरी सुटावा म्हणून धान्य बँका काढल्या होत्या.

२०२० मध्ये राज्य सरकारनेही आदिवासी कुटुंबांसाठी चार हजार रुपयांचं खावटी अनुदान मंजूर केलं, निम्मं रोख आणि निम्मं किराणा. शासन निर्णय सप्टेंबरमध्ये निघाला. वाटप व्हायला २०२१ उजाडलं. खावटी लागते ती पावसाळ्यात, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

पुढची साथ केव्हा येईल ते अल्लाहला ठाऊक. दार बंद करायला सांगणाऱ्यांत मी पुन्हा असेन. पण त्याआधी विचारेन, कोणाच्या घरी किती दिवसांचं धान्य आहे?