क्लुनी: एका चर्चची रिकामी जागा

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातले क्लुनी हे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव. सकाळी दुकाने उघडण्याआधी जुन्या मठाच्या आवाराशी एकट्याने आलेल्या प्रवाशाला दोन बुरुजांची बुडखी दिसतात, पुढे खांबांचे तळखडे आणि पार पलीकडे घरांच्या वर डोके काढलेला एक अष्टकोनी मनोरा. बुरुज हे चर्चचे पश्चिमद्वार, मनोरा त्याच्या दक्षिण बाहूचा. या दोहोंमधल्या जागेत एकेकाळी ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे चर्च उभे होते.

मठाची स्थापना इ. स. ९१० मधली. अक्विटेनचा ड्यूक विल्यम याने जमीन दिली आणि तिच्यावर कोणाही सरदाराचा वा बिशपचा हक्क चालणार नाही, असे दानपत्रात नमूद केले. मठाला पोपचे संरक्षण मिळाले. या स्वातंत्र्यामुळेच क्लुनी वाढले. पुढे युरोपभरचे हजाराहून अधिक मठ त्याच्या शिस्तीखाली आले. शेतीकाम मागे पडून साधूंचा दिवस स्तोत्रगायनात जाऊ लागला. मृतांसाठी प्रार्थना हे तर क्लुनीचे खास कार्य. आपल्या मागे कोणी आपल्यासाठी प्रार्थना करावी म्हणून लोक मठाला जमिनी देत. २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण करण्याची प्रथा मठाधिपती ओडिलोने आपल्या मठांत घालून दिली. वसईच्या आणि गोव्याच्या दफनभूमीत त्या दिवशी लागणाऱ्या मेणबत्त्यांचा उगम असा या गावापर्यंत पोहोचतो.

१०८८ मध्ये मठाधिपती ह्यू याने तिसरे चर्च बांधायला घेतले. लांबी १८७ मीटर, छताची कमान सुमारे ३० मीटर उंच. १०९५ च्या ऑक्टोबरमध्ये पोप दुसरा अर्बन याने वेदीची प्रतिष्ठापना केली. तो स्वतः पूर्वी इथलाच साधू होता. पुढच्याच महिन्यात क्लेरमाँ येथे त्याने पहिल्या धर्मयुद्धाची हाक दिली. रोममध्ये सेंट पीटरचे नवे चर्च उभे राहीपर्यंत एवढी मोठी वास्तू ख्रिस्ती जगात दुसरी नव्हती.

नंतरच्या शतकांत मठाधिपतिपद ही राजाच्या मर्जीतली नेमणूक झाली. रिशल्यू आणि माझारँ या मंत्र्यांनीही ते भूषवले. १७९० मध्ये क्रांतिकारी शासनाने मठ बंद केला. चर्च क्रांतीतल्या जमावाने पाडले, असा सर्वसाधारण समज आहे. क्रांतीच्या काळात लूट आणि मोडतोड झाली हे खरे, पण वास्तू जमीनदोस्त झाली ती व्यापारात. १७९८ मध्ये ती व्यापाऱ्यांना विकली गेली. त्यांनी मधल्या दालनातून आरपार रस्ता काढला आणि पुढची पंचवीस वर्षे चर्च दगडाची खाण म्हणून वापरले. कोरीव महाद्वार सुरुंगाने उडवले. नेपोलियनच्या काळात स्थापन झालेल्या सरकारी पागेच्या बांधकामातही मठाचाच दगड गेला. १८२३ पर्यंत चर्चचा सुमारे दहावा हिस्सा उरला.

अमेरिकन पुरातत्त्वज्ञ केनेथ कोनंट यांनी १९२८ पासून येथे उत्खनन केले. तळखडे, तुकडे आणि जुनी चित्रे जुळवून त्यांनी संपूर्ण वास्तूचे आराखडे काढले. वेदीभोवतीच्या खांबांची वाचलेली शीर्षे आज मठाच्या तेराव्या शतकातील धान्यकोठारात, वरच्या मजल्यावर लाकडी छताखाली मांडली आहेत. त्यांतल्या दोन शीर्षांवर चर्चगायनाचे आठ स्वरप्रकार कोरलेले असून काही आकृत्यांच्या हाती वाद्ये आहेत.