साथीच्या काळात प्राथमिक शाळा सुरक्षितपणे कशी उघडायची? सीमाभागातल्या पालक-शिक्षकांसाठी सविस्तर माहिती

मार्च २०२० च्या मध्यात कोरोनामुळे शाळांना कुलूप लागलं. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरले ते २५ ऑक्टोबर २०२१ रोजी. मधे एकोणीस महिने गेले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं जे पोर शाळा बंद झाली तेव्हा पहिलीत होतं, ते परत वर्गात बसलं तेव्हा तिसरीत होतं. दुसरीचा वर्ग त्याने पाहिलाच नाही.

पुढे कधी अशी साथ आली तर शाळा काही काळ बंद ठेवावी लागेलही. पण ती उघडायची कशी याची तयारी शाळा बंद असतानाच व्हायला हवी. कोरोनाच्या अनुभवातून त्याबद्दल बरंच काही कळलं आहे. त्यातलं प्राथमिक शाळेच्या कामाचं इथे एकत्र दिलं आहे.

कुठे कधी उघडल्या शाळा?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ५ ऑक्टोबर २०२० रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि निर्णय राज्यांवर सोडला. त्यामुळे मराठी मुलं ज्या राज्यात राहतात, त्याप्रमाणे त्यांची तारीख वेगळी झाली.

- तेलंगण : १ सप्टेंबर २०२१ पासून शाळा सुरू. हायकोर्टाच्या आदेशामुळे हजेरीची सक्ती नव्हती.
- मध्य प्रदेश (इंदूर, ग्वाल्हेर) : पहिली ते पाचवी २० सप्टेंबर २०२१ पासून, ५० टक्के उपस्थितीने.
- कर्नाटक : सहावी ते आठवी ६ सप्टेंबर २०२१, पहिली ते पाचवी २५ ऑक्टोबर २०२१.
- गुजरात (वडोदरा) : पहिली ते पाचवी २२ नोव्हेंबर २०२१.
- महाराष्ट्र : ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून ४ ऑक्टोबर २०२१. खालचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून, काही शहरांत त्यानंतर. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद, आणि २४ जानेवारीपासून परत सुरू.
- गोवा : ओमिक्रॉनची लाट ओसरल्यावर २१ फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्यक्ष वर्ग पुन्हा सुरू.

बहुतेक ठिकाणी क्रम एकच दिसतो : आधी मोठे, शेवटी लहान.

आधी लहान की आधी मोठे?

डेन्मार्कने उलट केलं. तिथे १५ एप्रिल २०२० रोजी सर्वांत आधी पाळणाघरं आणि पाचवीपर्यंतचे वर्ग उघडले. मुलांचे छोटे गट केले, हात वारंवार धुवायला लावले, शक्य तितकं शिकवणं बाहेर अंगणात घेतलं. नॉर्वेनेही २७ एप्रिलला पहिली ते चौथीपासून सुरुवात केली.

आपल्याकडे आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी जुलै २०२१ मध्ये हाच क्रम सुचवला होता. शाळा उघडायच्या झाल्या तर प्राथमिकपासून उघडाव्यात, कारण लहान मुलं हा संसर्ग मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात, आणि शाळेतल्या मोठ्या माणसांचं लसीकरण आधी पूर्ण करावं, असं त्यांनी सांगितलं. आयसीएमआरच्या जून-जुलै २०२१ च्या पाहणीत ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये अँटिबॉडी सापडल्या. याचा अर्थ शाळा बंद असतानाही निम्म्याहून जास्त मुलांपर्यंत विषाणू पोचलाच होता.

दुसरं कारण शिकण्याचं आहे. नववीचा मुलगा मोबाईलवर थोडंफार शिकतो. पहिलीच्या पोराला अक्षर गिरवताना शेजारी माणूस लागतं. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवायची : प्रत्येक साथ वेगळी असते. जो आजार लहानांनाच जास्त गाठतो, त्यात हा क्रम चालणार नाही. तेव्हा आधी आरोग्य खात्याला विचारायचं, या आजारात कोणत्या वयाला धोका आहे?

पहिली गोष्ट : हवा

शाळा उघडताना आपल्याकडे सगळ्यात जास्त धावपळ झाली ती फवारणी, सॅनिटायझर आणि ताप मोजायच्या बंदुकीची. कोरोना मात्र मुख्यतः बंद जागेतल्या हवेतून पसरत होता. जेरुसलेममधल्या एका माध्यमिक शाळेत मे २०२० मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे मास्कची सूट दिली गेली, गच्च भरलेल्या वर्गांत एसी चालू राहिले, आणि १५३ विद्यार्थी व २५ कर्मचारी बाधित झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा असावी असं म्हटलं आहे. गावच्या शाळेत हे मोजायला यंत्र नसतं. पण साधी पारख आहे. बाहेरून वर्गात शिरल्यावर कोंदट वास आला तर हवा पुरत नाही. उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा. तो जागीच घुटमळला तर हवा खेळत नाही.

- समोरासमोरच्या खिडक्या आणि दार उघडं हवं. एकाच बाजूची खिडकी पुरत नाही.
- खिडक्या बंद ठेवून छताचा पंखा लावला तर तीच हवा फिरत राहते. टेबल पंखा खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला तर आतली हवा बाहेर जाते.
- खानापूर, चंदगडकडच्या पावसात सगळ्या खिडक्या लावून घेतात. ज्या बाजूने झड येते तेवढीच बंद करा, पलीकडची आणि वरचे झरोके उघडे ठेवा.
- ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी जानेवारीत थंडी कडक असते. तिथे मुलांना स्वेटर घालू द्या, खिडकी थोडी तरी उघडी राहू द्या. दर तासाला पाच-दहा मिनिटं वर्ग पूर्ण मोकळा करा.
- व्हरांडा, झाडाखालचा पार, देवळाचा सभामंडप यांचा वापर करा. गाणी, पाढे, मोठ्याने वाचन बाहेरच घ्या, कारण मोठ्या आवाजात बोलताना श्वासातून जास्त कण बाहेर पडतात.

वर्गात किती मुलं बसतील?

हिशेब सोपा आहे. वर्ग २० बाय २० फुटांचा असेल तर ४०० चौरस फूट. सहा फुटांचं अंतर म्हणजे एका मुलाला ३६ चौरस फूट, म्हणजे साधारण अकरा मुलं. गुरुजींची जागा आणि दाराची वाट सोडली तर नऊ-दहाच. तीन फुटांचं अंतर धरलं तर वीस-पंचवीस मुलं सहज बसतात. अमेरिकेच्या सीडीसीने मार्च २०२१ मध्ये मास्क लावणाऱ्या प्राथमिक मुलांसाठी हे अंतर तीन फूट केलं होतं.

सीमाभागातल्या अनेक मराठी शाळांचा पट कमी आहे. एरवी ती चिंतेची बाब, पण साथीत त्याचा फायदा होतो. अशा शाळा सगळ्यांत आधी उघडता येतात. पट मोठा असेल तर पाळी पद्धत ठेवा : निम्मी मुलं एक दिवस, निम्मी दुसऱ्या दिवशी. एका घरातली भावंडं एकाच दिवशी येतील असं बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गट बदलू नका. तीच मुलं, तीच जागा, शक्यतो तेच शिक्षक. मधली सुट्टीही गटागटाने. एखादं मूल बाधित निघालं तर त्या गटालाच घरी बसवता येतं, अख्खी शाळा बंद करावी लागत नाही.

पाणी, हात, जेवण

दीड-दोन वर्षं बंद असलेल्या शाळेत आधी टाकी उपसून धुवावी, नळ बराच वेळ सोडून ठेवावा, स्वच्छतागृहाचं पाणी आणि दाराच्या कड्या तपासाव्यात. अनेक शाळांत विलगीकरण केंद्रं होती. अशा इमारती वर्ग भरण्याआधी नीट निर्जंतुक करून घ्याव्यात. बाक, दाराच्या कड्या, नळ यांना एक टक्का सोडियम हायपोक्लोराईट चालतं. माणसांवर मात्र काहीही फवारायचं नाही. तसं करू नये असं आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं.

साबण आणि पाणी असेल तर लहान मुलांना सॅनिटायझरची गरज नाही. माध्यान्ह आहार बंद करू नका, कारण काही मुलांचं दिवसातलं तेच भरपेट जेवण असतं. पंगत अंगणात, अंतर ठेवून, गटागटाने बसवा. जेवताना मास्क निघतो, म्हणून ही वेळ सर्वांत जपायची.

मास्क

पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको. सहा ते अकरा वयाच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावा, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये म्हटलं होतं. पळताना, खेळताना सक्ती नको. ओला झालेला मास्क बदलायला दप्तरात दुसरा हवा. शिकणाऱ्या मुलाला बाईंचे ओठ दिसणंही गरजेचं असतं. उच्चार शिकवताना बाहेर, लांब उभं राहून मास्क खाली घेता येतो.

आजारी मूल घरी राहिलंच पाहिजे

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक नियम हाच. पण तो पाळला जायचा तर १०० टक्के हजेरीचं बक्षीस त्या वर्षी बंद करावं लागेल. ताप, खोकला, जुलाब असेल तर मूल घरी, आणि हजेरीपटावर त्याचा तोटा नाही, हे पालकांना स्पष्ट सांगा. आईवडील दोघेही मजुरीला जात असतील तर मूल तापातच शाळेत येतं. अशा घराची यादी आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेकडे असावी.

शाळेत ताप आला तर मुलाला व्हरांड्यात किंवा मोकळ्या खोलीत बसवा, सोबत एक मोठं माणूस ठेवा, घरी फोन करा. बाधित मुलाचं नाव व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. नाव फुटलं की पुढचे पालक आजार लपवतात, आणि मग साथ हाताबाहेर जाते.

भारतात बारा वर्षांखालच्या मुलांना कोरोनाची लस शाळा उघडताना मिळालीच नव्हती. बारा ते चौदा वयासाठी लसीकरण १६ मार्च २०२२ ला सुरू झालं. म्हणून शिक्षक, स्वयंपाकी, वडापवाले आणि घरचे आजीआजोबा यांची लस हेच लहानांभोवतीचं कुंपण होतं.

सीमेचा प्रश्न

२०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येताना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागितला जात होता. कोगनोळी नाक्यावरून कितीतरी लोक परत फिरले. रोज सीमा ओलांडणाऱ्या शिक्षकांची आणि मुलांची यादी शाळेने आधीच करावी, दोन्हीकडच्या तालुका प्रशासनाला द्यावी, ओळखपत्रं काढावीत. दोन राज्यांच्या तारखा वेगळ्या असल्या तर शाळा ज्या राज्यात आहे तिथलाच नियम लागतो, हेही पालकांना आधी सांगावं.

पहिल्या महिन्यात काय शिकवायचं?

अझीम प्रेमजी विद्यापीठाने कर्नाटक आणि मध्य प्रदेशासह पाच राज्यांतल्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. त्यात ९२ टक्के मुलं आधी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य विसरली होती. गणितात हे प्रमाण ८२ टक्के होतं.

आपल्याकडच्या मराठी शाळेतल्या मुलाला देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या सांभाळायच्या असतात. घरी अभ्यास घेणाऱ्या आईला कन्नड वाचता येत नसेल तर ती लिपी सर्वांत आधी पुसली जाते. म्हणून लगेच पुस्तक पुढे रेटू नका. केंद्राच्या सूचनांतही पहिले दोन-तीन आठवडे परीक्षा नको असं होतं. आधी मुलांना बोलू द्या, गोष्टी सांगू द्या, मग घरच्या भाषेतलं वाचन पक्कं करा आणि त्याच्या आधारे दुसऱ्या लिपीकडे वळा. इयत्तेप्रमाणे बसवण्यापेक्षा कोणाला काय येतं त्याप्रमाणे गट करा. कर्नाटकने २०२२-२३ मध्ये ‘कलिका चेतरिके’ हा उपक्रम आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास याच कारणासाठी घेतला.

घरात मृत्यू पाहिलेली मुलंही वर्गात असतील. त्यांना सगळ्यांसमोर काही विचारू नका.

शाळा उघडण्याआधीची यादी

१. एसडीएमसी किंवा शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आणि पालकांची लेखी संमती.
२. प्रत्येक वर्गाच्या दोन बाजूंच्या खिडक्या उघडतात की नाही.
३. टाकी, नळ, साबण, स्वच्छतागृह.
४. गट आणि पाळीचं वेळापत्रक भिंतीवर.
५. आजारी मुलासाठी जागा आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा फोन नंबर.
६. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं लसीकरण.
७. बाधित सापडल्यास कोणता गट किती दिवस बंद, याचा निर्णय आधीच लिहून ठेवलेला.
८. पटावर असूनही पहिल्या आठवड्यात न आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी भेट.

शेवटचा मुद्दा यादीत खाली असला तरी सोडू नका. एकोणीस महिन्यांत काही मुलं गुरांमागे गेली, काही वीटभट्टीवर गेली, काहींची कुटुंबं दुसऱ्या गावी हलली. कमी पटाच्या मराठी शाळेत अशी चार-पाच मुलं परत आली नाहीत तर त्यांचं शिक्षण थांबतंच, शिवाय शाळेवरही गदा येऊ शकते. म्हणून घंटा वाजवण्याच्या आधीच्या आठवड्यात शिक्षकांनी हजेरीपट घेऊन घरोघरी फिरावं.